माळ्यावरचं तेल

सरकी ओली आली, तिथून सगळं सुरू झालं.

मानवतला पाथरी रोडवर एक तेल मिल आहे. भागवत तिथं फोरमन होता. शेजारच्या जिनिंगमधली सरकी एलिवेटरच्या डब्यांतून माळ्यावर चढायची, लोखंडी खांबांवर उभ्या कोठीत पडायची आणि माळ्याच्या पत्र्याला पाडलेल्या चौकोनी तोंडातून खाली उतरायची. तोंडाखाली पत्र्याचं मोठं नरसाळं होतं आणि नरसाळ्याच्या बुडाशी एक लांबलचक लोखंडी स्क्रू फिरायचा. तो सरकीला ढकलत ढकलत घाण्यांपर्यंत न्यायचा. माळा चांगला दोन पुरुष उंच. वरच्या तोंडावर जाळी असायची. दगड, लाकडाचा तुकडा, कापसाचा बोळा स्क्रूत जाऊ नये म्हणून. माणूस जाऊ नये म्हणूनही तीच होती, पण तसं कुणी बोलून दाखवत नसे.

त्या दिवशी सकाळपासून जाळी तुंबत होती. भिजलेला माल, सरकीची ढेकळं होऊन जाळीवर बसायची. माळ्यावर चांगुणाबाई आणि राणी अशा दोघी होत्या. त्या फावड्यानं ढकलायच्या, हातानं ढेकळं फोडायच्या, आणि तोवर खाली घाणे रिकामे फिरायचे. आवारात तेलाचा टँकर येऊन उभा होता. मालक ओमप्रकाशशेठ ऑफिसातून बाहेर यायचे, टँकरकडं बघायचे आणि पुन्हा आत जायचे. बोलत काहीच नव्हते. भागवतला तेच जास्त टोचत होतं.

जेवणाच्या सुट्टीआधी तो स्वतः माळ्यावर गेला.

"मावशी, जाळी काढून ठेवू," तो आवाज चढवून म्हणाला. मशीन चालू असताना तिथं असंच बोलावं लागायचं.

चांगुणाबाईनं फावडं टेकवलं. ती मिलमधली सगळ्यात जुनी बाई, बायकांच्या टोळीची म्होरकी. "काढून? आन आमी कुठं उभं ऱ्हावं?"

"भिंतीकडनं ढकला. संध्याकाळपर्यंतच. टँकर गेला की परत बसवू."

"मशीन थांबवून साफ करा की घडीघडीला."

"तसं केलं तर टँकर उद्या भरंल."

"मग उद्या भरू द्या."

भागवत राणीकडं बघू लागला. राणी आणि तिचा नवरा वैजीनाथ यंदाच मिलमध्ये आले होते. लग्न झाल्यापासून दरवर्षी दोघं ऊसतोडीला जायची. यंदा लेकीची, सृष्टीची शाळा मोडायची नाही म्हणून टोळीबरोबर गेली नाहीत. वैजीनाथ खाली पेंडीची पोती उचलायचा. काम टिकलं पाहिजे ही फिकीर राणीच्या हालचालीत दिसायची. कुणी सांगायच्या आधी ती उठायची.

"मी बघून करते, मावशी," राणी म्हणाली. "कडंला जात न्हाई."

"तुमी म्हनायलाव म्हनून," चांगुणाबाई भागवतला म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं.

भागवतनं दोन पान्यांनी जाळीचे बोल्ट सोडले, जाळी उचलली आणि भिंतीला टेकवून ठेवली. सरकी धो धो खाली जायला लागली. खाली घाण्यांचा आवाज बदलला, भरला. जिना उतरताना त्याला हलकं वाटत होतं.

माळ्यावर आणखी एक गोष्ट होती. घाण्यातून निघालेलं गरम तेल पंपानं वरच्या फिल्टरला चढायचं, आणि त्या पाइपाचा एक जोड बरेच दिवस ठिबकत होता. नवं वायसर परभणीहून यायचं होतं. तोवर जोडाखाली पत्र्याचा डबा ठेवलेला. डबा भरला की राणी तो ओतून यायची. डब्याभोवतीचा पत्रा बुळबुळीत झाला होता, म्हणून तिथं गोणपाटाचं एक बारदान टाकलेलं. सगळे त्या बारदानावरून जपून जायचे. त्याची आता सवय झाली होती.

दुपार कलली तेव्हा तो जोड सुटला.

आधी फस्स असा आवाज झाला. मग बोटाएवढी धार आडवी उडाली. चांगुणाबाई भिंतीला चिकटली म्हणून वाचली, नाहीतर गरम तेल तिच्या तोंडावरच आलं असतं. पाइपाचा कॉक पलीकडच्या बाजूला होता. राणीनं फावडं टाकलं आणि ती कॉककडं धावली. वाटेत ते बारदान होतं. तिचा पाय त्यावर पडला आणि बारदान तिच्यासकट सरकलं.

ती पाठीवर आपटली. पत्र्याला तोंडाकडं थोडा उतार होता, सरकी आपोआप जावी म्हणून ठेवलेला. तेलही त्याच उतारानं चाललं होतं. राणी पाय पुढं करून घसरत गेली. कसंबसं तिनं अंग पालथं केलं. पाय तोंडात गेले, गुडघे गेले, मांड्या गेल्या. तेवढ्यात तिच्या उजव्या हाताला सरकीच्या कोठीचा लोखंडी खांब लागला. तिनं त्याला कोपरात मिठी मारली.

चांगुणाबाई ओरडत होती. खाली कुणालाच ऐकू येत नव्हतं.

खाली सिद्धोधन पॅनेलजवळ उभा होता. मशीन चालू-बंद करणं हे त्याचं काम. त्याच्या मानेवर कोमट थेंब पडला. त्यानं हात लावून बघितलं, मग वर बघितलं. माळ्याच्या पत्र्यांच्या सांध्यातून तेलाची रांग लागली होती. तो कुणाला विचारायला थांबला नाही. त्यानं एकामागून एक सगळी लाल बटणं दाबली. एलिवेटर थांबला, पंप थांबला, स्क्रू थांबला, घाणे कण्हत कण्हत थांबले.

त्या शांततेत चांगुणाबाईचा आवाज आला. "पोरगी तोंडात गेली हो."

वैजीनाथच्या पाठीवर पोतं होतं. ते त्यानं तिथंच टाकलं आणि जिन्याकडं पळाला. भागवत घाण्यांमागून बाहेर येत होता. "पळू नको," तो ओरडला. "वैजीनाथ, पळू नको, तेल हाय वर."

वैजीनाथ जिना चढून गेलासुद्धा. शेवटच्या पायरीवरून त्यानं माळ्यावर पाय टाकला आणि तो पाय त्याच्या खाली राहिलाच नाही. तो कुशीवर पडला, घसरला, आणि कोठीच्या अलीकडच्या खांबाला हात आडवा होऊन थडकला. हाड मोडल्याचा आवाज जिन्यावर आलेल्या भागवतनं ऐकला. वैजीनाथच्या पायाचा धक्का राणीच्या फावड्याला लागला. फावडं पत्र्यावरून गोल फिरत गेलं, राणीच्या खांद्याला घासलं आणि तोंडातून खाली पडलं. नरसाळ्यात दोनदा आपटलं, आणि मग स्क्रूच्या पात्यांवर खणकन आवाज झाला.

सगळ्यांना कळलं, खाली काय आहे ते.

भागवत वरून दुसऱ्या पायरीवर थांबला. त्याचं कमरेपासून वरचं अंग माळ्याच्या वर होतं. समोर तेल चकाकत होतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत. राणी त्याच्यापासून एका खाटेच्या लांबीवर होती, आणि त्या खाटेएवढ्या जागेत पाय टेकवायला कोरडा वीतभर पत्रा नव्हता. पलीकडच्या भिंतीशी चांगुणाबाई बसलेली. वैजीनाथ खांबाला टेकून डाव्या हातानं उजवा हात धरून होता, आणि उठायची खटपट करत होता.

"उठू नको," भागवत म्हणाला. "तू हललास तर तिच्यावर जाशील. बस तसाच."

"ती पडायलीय, भागवतभाऊ."

"बस म्हणतो ना."

वैजीनाथ बसला. त्याच्या तोंडातून बारीक आवाज येत होता.

मागं जिन्यावर माणसं जमली होती. प्रत्येकाला वर यायचं होतं. भागवतनं मागं वळून हात आडवा केला. खालून राणीला हात लावता येत नव्हता. नरसाळं चारी बाजूंनी बंद होतं आणि त्याची खालची बाजू सरळ स्क्रूवर उघडत होती. जे करायचं ते वरूनच, आणि ह्याच तेलावरून. त्याला पळत जावंसं वाटत होतं, आणि पळणाऱ्याचं काय होतं ते समोर खांबाला टेकून बसलं होतं.

"बॉयलरजवळची राख आणा," तो म्हणाला. "कोरडी. घमेली भरून भरून. आन रिकामी बारदानं, असतील तेवढी. दोरखंड आणा. जिन्यावर रांग करून हातोहात द्या. पायऱ्यांवर आधी राख टाका, मगच चढा. पळायचं न्हाई कुनी."

माणसं खाली गेली. तेवढ्या वेळात राणीचा कोपर कोठीच्या खांबावरून बोटभर सरकला.

"राणे," चांगुणाबाई पलीकडून म्हणाली. "माझ्याकडं बघ."

"दिसत न्हाई, मावशी. डोळ्यात तेल गेलंय."

"मग नुस्तं ऐक. मी बारदान फेकायलेय. तुझ्या हाताजवळ येईल. डाव्या हातानं ओढ आन खांबाला गुंडाळ. पकड बसंल."

तिच्या बुडाखाली एकच कोरडं बारदान होतं. तिनं ते हळूच काढलं, घडी केली आणि पत्र्यालगत सरकवलं. ते राणीपासून हातभर अलीकडं थांबलं. राणीनं डावा हात लांबवला. अंग हललं तशी ती आणखी थोडी खाली गेली. जिन्यावर कुणीतरी देवाचं नाव घेतलं. तिची बोटं बारदानाच्या कडेला लागली, तिनं ते ओढलं, आणि खांबाला एक वेढा घालून त्यात कोपर घट्ट दाबला.

सरकणं थांबलं.

राखेचं पहिलं घमेलं आलं. भागवतनं मुठीमुठीनं समोर राख पसरली. राख तेल पिऊन काळी पडली. त्यावर पुन्हा राख, मग बारदान, बारदानावर पुन्हा राख. हातानं दाबून बघितलं. सरकत नव्हतं. तो गुडघ्यांवर वर चढला आणि पोटावर आडवा झाला. सिद्धोधननं खालून दोरखंड दिला. त्याचं एक टोक भागवतच्या कमरेला बांधलं, दुसरं जिन्याच्या कठड्याला दोन वेढे देऊन सिद्धोधननं स्वतः धरलं. दुसरा एक दोर भागवतनं खांद्यावर घेतला, त्याचं टोक जिन्यावरच्या माणसांकडं होतं.

तो पुढं सरकायला लागला. एक बारदान अंथरायचं, राख टाकायची, छाती पुढं न्यायची, थांबायचं. मागं रांगेतून घमेली येत होती. कुणी बोलत नव्हतं.

"मशीन बंद हाय का?" राणीनं विचारलं.

"बंद हाय."

"खरंच बंद हाय का? माझ्या कानात आवाज यायलाय."

"बंद हाय, राणी. सगळी बंद हायेत. तुला कानातलंच ऐकू यायलंय."

"ह्ये पडले का?"

"बसलेत. हात दुखावलाय. बोलायलेत."

"मी हाय इथंच," वैजीनाथ म्हणाला. "सोडू नको."

भागवत आता तिच्या हाताजवळ पोचत आला होता. तिच्या मनगटाच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. आणि तेवढ्यात खालून, हॉलच्या दारातून, ओमप्रकाशशेठचा आवाज आला.

"मशीन का बंद केली? कोण आहे पॅनेलवर?"

भागवतचा हात राखेत तसाच थांबला. पॅनेलवर कुणीच नव्हतं. सिद्धोधन दोर धरून जिन्यावर उभा होता, बाकीची सगळी माणसं रांगेत. शेठना वर काय झालंय ते माहीत नव्हतं. नवीन मशीन घेतली तेव्हा बटणं कशी चालतात ते त्यांनी स्वतः शिकून घेतलं होतं, आणि कधीमधी ते स्वतःच सुरू करायचे. चपलांचा आवाज पॅनेलच्या दिशेनं चालला होता. राणीचे पाय नरसाळ्यात लोंबकळत होते.

भागवतला ओरडायचं होतं. ओरडलं की अंग हलणार. त्यानं तोंड फिरवलं आणि शक्य तितक्या दबक्या आवाजात तो म्हणाला, "सिद्धोधन, शेठ."

"येऊ द्या," सिद्धोधन म्हणाला. "फ्यूज माझ्या खिशात हायेत."

भागवतनं कपाळ बारदानावर टेकवलं. एवढ्यात खाली कुणीतरी शेठना अडवलं असावं. चपलांचा आवाज थांबला.

त्यानं खांद्यावरचा दोर काढला, त्याचा सैल फास केला.

"राणी, डावा हात सोड. ह्या फासात घाल. मग डोकं."

"न्हाई."

"मी धरलाय तुझा उजवा."

त्यानं खरंच तिचं मनगट धरलं होतं, पण दोघांचेही हात तेलकट होते आणि ती पकड किती टिकेल हे दोघांना कळत होतं.

"न्हाई सोडत. सोडला की जाईन मी."

त्यानं चांगुणाबाईकडं बघितलं.

"राणे," चांगुणाबाई म्हणाली, "तुझा उजवा कोपर बारदानात हाय. त्यो काय सुटायला न्हाई. मला हितनं सगळं दिसायलंय. डावा हात नुस्ता उचलायचा हाय. सकाळी भाकरी थापताना उचलतीस तसा. उचल."

राणी रडत होती. तिनं डावा हात उचलला. भागवतनं फास तिच्या हातावरून, डोक्यावरून, काखेखालून सरकवला आणि गाठ आवळली. मग उजव्या काखेकडून दुसरा वेढा घ्यायला त्याला तिच्यावर ओणवं व्हावं लागलं. त्याच्या कोपराखालचं बारदान एकदा हललं. तो थांबला. श्वास सोडला. वेढा घेतला.

"आता ओढा," तो म्हणाला. "हळू. पाय हलवू नका कुनी, नुस्त्या हातानं ओढा. झटका द्यायचा न्हाई."

दोर ताणला. राणी जागची हलली नाही. मग थोडी हलली. तोंडाची पत्र्याची कड तिच्या नडगीला घासून गेली, ती कळवळली, तरी ओढणाऱ्यांनी हात सैल सोडले नाहीत. गुडघे वर आले. पाय वर आले. ती राखेच्या वाटेवर पालथी पडली आणि दोन्ही हातांनी बारदान मुठीत धरून राहिली. भागवत तिच्या बाजूनं सरकत मागं आला. जिन्याशी चार हातांनी तिला उचललं. पाठोपाठ वैजीनाथला तसंच, बारदानावर बसवून, ओढत आणलं. जिना उतरताना त्याचा मोडलेला हात एकानं पोटाशी धरून ठेवला होता.

खाली एकदम बोलणं सुरू झालं. कुणी पाणी आणत होतं, कुणी जीप बोलावत होतं, कुणी राणीच्या पायाला फडकं बांधत होतं. सगळ्यांना तोंड फुटलं होतं.

वरून आवाज आला, "आन मी?"

चांगुणाबाई भिंतीशी तशीच बसून होती. भागवत पुन्हा वर गेला. पलीकडच्या भिंतीपर्यंत राख आणि बारदानं टाकायला वेळ लागला. ती उठली, भागवतनं धरलेला हात घेतला आणि एकेक पाऊल सपाट टाकत आली. तोंडाजवळून जाताना ती थांबली नाही, खाली बघितलंही नाही. जिन्याशी आल्यावर मात्र ती पायरीवर बसली.

"तुमाला सांगितलं व्हतं," ती म्हणाली.

"व्हय, मावशी."

तिनं पदरानं तळव्यांवरची राख पुसली. ती आणखी बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

जीप दवाखान्याकडं निघाली तेव्हा ओमप्रकाशशेठ हॉलमध्येच उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. "देवानं वाचवलं," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "भागवत, टँकरला काय सांगू? रात्रीपर्यंत सुरू होईल का?"

"न्हाई, शेठ."

"तेल पुसून घे. माणसं हवीत तेवढी लाव."

"तेल पुसून भागणार न्हाई. जोड बदलल्याशिवाय पंप चालू होणार न्हाई. जाळी बसल्याशिवाय एलिवेटर चालू होणार न्हाई. आन ती जाळी आता बोल्टची नको. अर्धी अर्धी उघडणारी करू, बिजागरीची, मशीन बंद करून साफ करता येईल अशी. माळ्याला कडेनं कठडा पाहिजे."

"हे सगळं होईस्तोवर मिल बंद ठेवू?"

"व्हय."

शेठ त्याच्याकडं बघत राहिले. एवढ्या वर्षांत भागवत त्यांच्यापुढं असं बोलला नव्हता. "आणि जाळी काढली कुणी?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मला न विचारता?"

"तुमाला न विचारता. टँकरकडं बघून."

शेठ जिन्याकडं वळले. भागवत म्हणाला, कठडा धरून चढा. ते चढले. माळ्यावर पाय न टाकता वरच्या पायरीवरूनच त्यांनी बघितलं. काळी राख, चुरगळलेली बारदानं, आणि त्यात मधोमध ते उघडं तोंड. खाली आले तेव्हा त्यांच्या तळव्याला कठड्यावरचं तेल लागलं होतं. ते रुमालानं पुसत ते बाहेर गेले आणि टँकरच्या ड्रायव्हरशी बोलले. टँकर रिकामाच आवाराबाहेर गेला.

संध्याकाळी भागवत दवाखान्यात गेला. वैजीनाथच्या हाताला प्लास्टर होतं. राणीच्या नडगीला टाके पडले होते, आणि ती खाटेच्या कडेला बसून दोन्ही तळवे एकमेकांवर घासत होती. तेल केव्हाच धुतलं गेलं होतं. तरी घासत होती. सृष्टी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

भागवतला खुर्ची दिली, तो बसला नाही.

वैजीनाथनं विचारलं, "जाळी कुनी काढली व्हती, भागवतभाऊ?"

येताना रस्ताभर भागवत ह्याच प्रश्नाला भीत आला होता. "मी काढली. चांगुणामावशी नको म्हणत व्हती."

वैजीनाथनं तोंड भिंतीकडं वळवलं. बाहेर व्हरांड्यात कुणाचं तरी लेकरू रडत होतं.

"मी बी कडंला जात न्हाई म्हनलं व्हतं," राणी शेवटी म्हणाली. "तेल उडालं आन मी पळाले. मला वाटलं, कॉक बंद केला तर बरं व्हईल."

"तुझं काही चुकलं न्हाई."

"चुकलं असं न्हाई म्हनत मी. पळाले एवढंच."

"पळावं लागंल असं काम तुला द्यायलाच नको व्हतं," भागवत म्हणाला.

वैजीनाथ भिंतीकडंच बघत होता. "घरी जावा, भागवतभाऊ," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. भागवतला रागापेक्षा ते जड गेलं. तो निघाला.

मिल काही दिवस बंद राहिली. परभणीहून एक फॅब्रिकेशनवाला आला. दोन भागांची जाळी झाली, माळ्याला कठडा झाला, पाइपाचा सगळा तुकडाच बदलला. माळ्याचा पत्रा सोड्यानं धुतला, तरी तेल जायला तयार नव्हतं, म्हणून शेवटी त्यावर खरखरीत पत्रा ठोकला. शेठ रोज यायचे, बघायचे, आणि किती दिवस ते विचारायचे. एकदा आवाज चढला. भागवतनं ऐकून घेतलं आणि काम पुरं होईपर्यंत बटण दाबू दिलं नाही. त्याला वाटत होतं की शेठ आता दुसरा फोरमन बघतील. शेठनी बघितला नाही; का, ते त्यानं विचारलं नाही.

मिल सुरू झाली त्या दिवशी माळ्यावर चांगुणाबाईबरोबर भागवत स्वतः फावडं घेऊन उभा राहिला. दुपारी जाळी तुंबली. त्यानं वरून हात केला, सिद्धोधननं मशीन थांबवली, फ्यूज काढून वर दाखवले, मगच भागवतनं जाळीचा अर्धा भाग उचलून ढेकळं काढली. चांगुणाबाई कडेला बसून तंबाखू मळत होती.

राणी परत आली तेव्हा तिला पोती शिवायच्या कामावर घेतलं. खालीच, दारापाशी, उजेडात. पाय बरा झाला होता. ती पहिल्यासारखी पळत पळत उठायची नाही. कुणी हाक मारली तर आधी सुई पोत्यात खोचायची, पायाखाली बघायची, मग उठायची. माळ्यावर चल असं तिला कुणीच म्हणालं नाही.

वैजीनाथचं प्लास्टर निघालं, पण हात जरासा वाकडाच बसला. पोती उचलणं काही महिने जमणार नव्हतं. एका सकाळी तो भागवतसमोर येऊन उभा राहिला. दवाखान्यातल्या त्या संध्याकाळनंतर दोघांत कामापुरतंच बोलणं होत होतं.

"मला माळ्यावर काम द्या," तो म्हणाला.

भागवत चकित झाला. "माळ्यावर? का?"

"फावडं मारता येतं मला. डाव्या हातावर जोर देऊन मारीन."

"त्यासाठी नव्हं विचारलं."

वैजीनाथनं घाण्यांकडं बघितलं. "वर ज्या बाया असतील, त्यांच्याबरोबर मी ऱ्हाईन. जाळी उघडी दिसली तर मी सिद्धोधनला बंद करायला लावीन. तुमाला विचारनार न्हाई. शेठला बी न्हाई. चालंल का?"

"माझ्यावर भरोसा न्हाई का, वैजीनाथ?"

वैजीनाथनं विचार केला. घाईघाईत हो किंवा नाही म्हणाला नाही. "तुमी तिला काढलं, त्ये मी डोळ्यानं बघितलंय," तो म्हणाला. "पर मी वर असलेलं बरं."

भागवतनं मान हलवली. "मला विचारायचं न्हाई. बंद करायची आन मग सांगायचं."

"बरं," वैजीनाथ म्हणाला. त्यानं कोपऱ्यातलं फावडं घेतलं, डाव्या हातानं कठडा धरला आणि जिना चढायला लागला.